गावाकडचं विमान

"अजून थोडं वर घे," सहदेव खालून म्हणाले.

"काका, याच्याही वर आता फक्त कावळे बसतात," अँटेना बसवायला आलेला सिद्धेश पाण्याच्या टाकीवरून ओरडला. हातातली पांढरी कांडी त्याने लोखंडी पाईपला लावून क्लँप आवळला. आकाशातली विमानं आपलं नाव, उंची, वेग सतत सांगत जातात. ते ऐकायला छत्रीएवढी ही अँटेना पुरते.

घाटकोपरच्या त्या गच्चीवरून विमानं इतकी खाली उतरत जात, की त्यांची चाकं मोजता यावीत. सहदेव मात्र मान वर करून बघत नसत.

सेक्रेटरी वनमालाबाई धापा टाकत वर आल्या. "हा टॉवर कसला? किरणं सुटतात त्यातून. माझी नात वरच्याच मजल्यावर झोपते."

"वहिनी, यातून काही सुटत नाही. नुसतं आत येतं," सहदेव म्हणाले.

अर्धंमुर्धं पटून त्या खाली गेल्या.

घरात सहदेवांच्या बायकोने, सुगंधाने, टीव्हीशेजारी जागा करून ठेवली होती. सिद्धेशने वायर खाली आणली, डबी जोडली. पडद्यावर नकाशा उमटला आणि त्यावर चिमुकली विमानं सरकू लागली.

"झकास! हे बघा, दुबईचं. हे जयपूरला चाललंय."

"गावाकडचं कुठाय?"

ते यायला वेळ होता. सुगंधाने चहा केला. मग एक ठिपका मुंबईहून उठला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघाला. सहदेव खुर्ची पुढे ओढून बसले. रत्नागिरी मागे पडली, उंचीचा आकडा कमी होऊ लागला, आणि ठिपका जागीच थिजला. मग गेलाच.

"काय झालं?"

"रेंज संपली. विमान खाली यायला लागलं की डोंगराआड जातं, काका. अँटेनाला सरळ दिसेल तेवढंच ऐकू येतं."

"मला ते उतरताना बघायचंय."

"मग मोबाइलवर बघा ना. तिथे सगळं दिसतं."

"ते दुसऱ्या कोणीतरी ऐकलेलं. मला आपल्या घरातून बघायचंय."

सिद्धेश हसला. "आहे कोण त्या विमानात? मुलगा पायलट आहे काय?"

"आपलं कोणी नाही," सहदेव म्हणाले. सुगंधा कप उचलून आत गेली.

सिद्धेशने जाताना ही गोष्ट गेटवर सांगितली. बिल्डिंगला पुढचं सांगायची गरज नव्हती. पुतण्या पायलट आहे, भाऊबंदकीत बोलणं तुटलंय, असा निकाल वनमालाबाईंनी दिला. त्यानंतर किरणांबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. उलट जिन्यात भेटल्या की हळूच विचारत, "गेलं का आज वेळेवर?"

सहदेवांची नोकरी साकीनाक्याच्या प्लास्टिक कंपनीत झाली. रिटायर झालं की गावी जायचं, हे नवरा-बायकोचं लग्नापासून ठरलेलं. ते राहून गेलं. आता रोज ते विमान निघालं की हातातलं काम ठेवून ते पडद्यासमोर बसत. ठिपका विझला तरी थोडा वेळ तसेच. पाईप त्यांनी आणखी एकदा उंच करून घेतला. ठिपका जरासा पुढे जाऊन विझू लागला, एवढंच.

गणपतीत अर्धी बिल्डिंग कोकणात गेली.

"तुम्ही नाही जात?" वनमालाबाईंनी विचारलं.

"यंदा नाही."

एप्रिलमध्ये सहदेवांची मुलगी श्रुतिका कांदिवलीहून आली आणि मोबाइल पुढे धरला. "तिकिटं काढलीत. दोघांची. रोज बघता ना, एकदा बसा त्यात."

"कोणाकडे जायचं?"

"कोणाकडे नाही. संध्याकाळच्या विमानाने परत या."

"कशाला उगाच, पोरी?"

"बाबा, तुम्ही जेवताजेवता उठून त्या पडद्याकडे जाता. मला नाही बघवत."

सहदेवांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. "तुमी जावा. माका खाली बघूची भीती वाटता."

वायर तपासायला आलेला सिद्धेश तिथेच होता. "काकी, मग खिडकीची सीट घेऊ नका," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

जायच्या दिवशी सहदेवांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. दाढी केली. सुगंधाने खिशात रुमाल ठेवला आणि बराच वेळ ती तो नीट करत राहिली.

ते गेल्यावर ती पहिल्यांदाच त्यांच्या खुर्चीत बसली. ठिपका उठला. किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला. रत्नागिरी आली तशी ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. ठिपका थिजला, विझला. तिने पदर तोंडाला लावला.

विमान उतरलं तेव्हा ऊन चढलं होतं. माणसं बॅगा ओढत पिवळ्या पट्ट्यावरून इमारतीकडे चालू लागली. सहदेव सगळ्यात शेवटी शिडी उतरले. त्यांनी समोरच्या डोंगराची सोंड पाहिली. मग उजवीकडे झाडांतून वर आलेला देवळाचा कळस. दोन्हीकडे पुन्हापुन्हा बघत ते पट्टा सोडून चालू लागले. थोडे पुढे गेले, मागे आले, आणि थांबले.

"काका, इकडे नाही! रांगेत चला," चकाकतं जॅकेट घातलेली एक मुलगी धावत आली.

सहदेवांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"अहो, पाय भाजतील! तब्येत बरी आहे ना? चपला का काढल्या?"

सहदेवांनी हात जोडले.

"हयसर आमचा देवघर होता, बाय."