बोटांवरचे घट्टे

"पुन्हा एकदा वाजवा. आधी पहिली," निशा म्हणाली.

इब्राहीमभाईंनी मांडीवरची गिटार भिंतीला टेकवली आणि आधीची परत उचलली. चंद्रपुरातलं त्यांचं दुकान एवढंसं, की एक गिऱ्हाईक आत असलं तर दुसऱ्यानं पायरीवर थांबावं. तेच चार सूर त्यांनी चौथ्यांदा वाजवले.

"ही हलकी. तारांखालचे पिकअप तीन, म्हणून आवाज खणखणीत. नेक, म्हणजे दांडी, बारीक आहे, हात सरसर फिरते. अन् ती दुसरी जड. उभ्यानं वाजवली तर खांदा भरून येते, पण आवाज पाहा कसा भरदार. एक सूर दाबला की कितीक वेळ राह्यते." त्यांनी मान वर केली. "वाजवणार कोण, ताई?"

"माझे बाबा."

"मग त्यांनाच आणा ना! गिटार हातात घेतल्याबिगर समजत नाई. दुसऱ्याच्या पायाची चप्पल आपण घालून घेतो का?"

"त्यांना नाही येता येणार. आमचं गाव आलापल्लीच्या पुढे, बरंच आत आहे. आणि गिटार मला रविवारी तिथं पोचवायची आहे."

"बरं, आधी कोणती होती त्यांच्याजवळ?"

"लाल."

इब्राहीमभाई हसले. "लाल तर ह्या दोन्ही आहेत. आवाज कसा होता?"

निशानं डोळे मिटून तो आवाज आठवून पाहिला.

तिचे बाबा, चैतू, लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. चमकीचा कोट, गळ्यात लाल गिटार, आणि भोंग्याच्या गाडीमागून दोन-दोन तास चालणं. लहानपणी तिला त्याचं केवढं अप्रूप होतं. दुसरीत असताना तिनं कंपासच्या टोकानं गिटारच्या पाठीवर आपलं नाव कोरलं, तेव्हा बाबा रागावले नव्हते. "आता तुहीच झाली ही," म्हणाले होते. पुढे ती आलापल्लीच्या शाळेत गेली. वरात शाळेवरून जायची आणि मुली खिडकीतून ओरडायच्या, "निशे, तुहा बाप आला पाह्य!" तेव्हापासून तो आवाज आला की ती कानांवर हात ठेवायची.

ती शिक्षिका झाली. तीन वर्षांपूर्वी अतुलच्या घरचे तिला बघायला येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, बाबा पहाटे मोहफुलं वेचायला गेले असताना, तिनं ती गिटार वरोऱ्याच्या ताबिश नावाच्या माणसाला विकली. तो मोटारसायकलवर येऊन घेऊन गेला. त्याला घर दाखवायला बँडमधले ढोलवाले लालसूकाका सोबत आले होते. ते कुंपणाबाहेरच उभे राहिले.

"दुरुस्तीला दिली चंद्रपूरला," तिनं बाबांना सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी ते लालसूकाकांकडे पत्ते खेळायला जाऊ लागले, एवढाच काय तो बदल.

आणि या सोमवारी, सगळं गाव अंगणात असताना, रुखमाबाई आत्यानं विचारलं, "चैतूची गिटार कुठी आहे वो?"

"दुरुस्तीला. रविवारी आणते," निशाच्या तोंडून तेच जुनं खोटं निघालं. लालसूकाका काडीनं माती उकरत राहिले.

रविवारी ती रिकाम्या हातानं गेली असती, तर पोरीनं बापाची गिटार विकून खाल्ली हे सगळ्या गावाला कळलं असतं.

"ताई, आवाज?" इब्राहीमभाईंनी आठवण करून दिली.

"वरात नाल्यापलीकडे असली तरी बाबांचा सूर वेगळा कळायचा," ती सावकाश म्हणाली. "पाण्याच्या पितळी गुंडीवर नख मारावं तसा."

"मग ही हलकीच. किती दिवस झाले हात सुटून?"

"तीन वर्षं."

"अरे बापरे! मग तारा बारीक लावतो. बोटं मऊ पडली असतील. वाजवणं सोडलं की घट्टे चार-सहा महिन्यांत साफ जातात."

"नाही गेले," निशा म्हणाली. "सोमवारी मी त्यांचे हात धुतले. डाव्या हाताची चारही बोटं टोकाला तशीच टणक होती."

"मग म्हातारा कुठीतरी चोरून वाजवून राह्यला, ताई."

"घरात गिटारच नाही, तर काय वाजवणार? बांबू तोडण्याचे असतील ते घट्टे." ती गिटारकडे बघत होती. "तारा जरा खाली बसवता येतील? दाबायला जोर लागायला नको. सांध्यांचा त्रास."

"देतो ना. अन् अ‍ॅम्प कोणता देऊ?"

"नको."

"अ‍ॅम्पबिगर आवाज कुठून येईन? बरं, कव्हर तरी घ्या."

"नको. उघडीच राहणार आहे ती."

इब्राहीमभाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तारा सैल करायला घेतल्या.

रविवारी सकाळी एसटीतून उतरून निशा दोन कोस चालली. घराकडे न वळता ती गावाबाहेरच्या सागांखाली गेली. तिथं घराण्यातल्या मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड होते. सगळ्यांत शेवटी एक नवा, बाबांचा. माणसाच्या हातातली वस्तू त्याच्या दगडापाशी ठेवायची, अशी तिथली रीत.

लोक अजून यायचे होते. एकटे लालसूकाका उकिडवे बसले होते. ती दिसताच ते बाजूला सरकले.

नव्या दगडाला एक लाल गिटार आधीच टेकवलेली होती. तारा नव्या होत्या. निशानं ती उलटी केली. पाठीवर कंपासनं कोरलेलं तिचं नाव होतं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं.

"पत्ते कुठी येत होते त्याले?" लालसूकाका म्हणाले. "वरोऱ्याहून आठच दिवसांत परत आणली त्यानं. माह्या घरी ठेवे. 'निशाले सांगू नको,' म्हणे. 'लाजते माही पोरगी.'"