एकटीला पाठवलेला निरोप

सकाळचे सात वीस झाले होते. रजनीच्या कॉम्प्युटरवर दोन पानं शेजारी शेजारी उघडी होती. डावीकडे गुलाबाच्या मळ्याची जुनी वेबसाइट. कोणत्या पॉलीहाऊसमध्ये कोण फुलं तोडतंय, ते तिच्यावर दिसायचं. उजवीकडे पंधरा दिवसांपूर्वी आलेलं नवं ॲप. पुण्याच्या ऑफिसपासून पवनेकडच्या या मळ्यापर्यंत सगळ्यांनी आता त्याच्यावरच बोलायचं, असं ठरलं होतं. इकडचं तिकडे आपोआप जात नव्हतं. पुढच्या महिन्यात जोडून देतो, असं ॲपचं काम बघणारा पुण्याचा रुचिर म्हणाला होता. तोवर रजनीच दोन्हीकडे बघायची आणि हाताने नोंदी करायची.

"बाकी छान चाललंय तुमच्याकडे, मॅडम," रुचिर फोनवर सांगत होता. "फक्त फवारणीच्या ग्रुपवर तुमची माणसं काही लिहीतच नाहीत. नुसतं शुभ सकाळ आणि फुलं."

"लिहितील. सवय नाही अजून."

बोलता बोलता तिने तिच्या एकटीच्या नावाने आलेले मेसेज उघडले. फवारणीवाल्या दत्तोबाचा एक होता. सकाळी सहा बाराचा.

'नमस्कार मॅडम. ७ नंबरला कीड लय वाढली म्हणून उद्याची फवारणी आजच मारली. संध्याकाळपर्यंत कुणाला आत सोडू नये ही विनंती.'

रजनीने डावीकडे पाहिलं. सात नंबर. तोडणी सुरू, सात पाच. बयाबाई, समीक्षा.

समीक्षा ही बयाबाईची सून. तिला पाचवा महिना चालू होता.

फोन टेबलावर तसाच टाकून रजनी धावली. देवाचं नाव घ्यायला ओठ हलले, पण श्वासच पुरेना. सात नंबरच्या दारातून तिने हाक मारली.

"बयामावशी! बाहेर या! आधी बाहेर या!"

बयाबाई हातातल्या फुलांसकट आली. "काय झालं ओ मॅडम? अजून दोन बकेटी बी भरल्या न्हाईत."

"फवारणी झालीय आत. समीक्षा कुठंय?"

"पार त्या टोकाला." बयाबाईने फुलं तिथंच टाकली. "आवं, वास आलता मला. म्हनलं, वास काय रोजचाच हाय. फवारणी असती तर दत्तोबा बोंबलत आला असता की!"

रजनीने आत वाकून समीक्षाला हाक मारली. दत्तोबाचं ते बोंबलणं रजनीनेच बंद केलं होतं. आता तोंडी काही सांगायचं नाही, जे असेल ते ॲपवर, असं तिनेच त्याला दोनदा समजावलं होतं.

समीक्षा डोळे पुसत बाहेर आली. "चुरचुरतंय लय," एवढंच म्हणाली. बयाबाईने तिचे हातमोजे ओढून काढले, तिला नळाखाली बसवलं आणि कोपरापर्यंत हात, चेहरा, मान धुतली. रजनीने गेटकडे बघून जीप आणायला ओरडून सांगितलं. तो आवाज ऐकून दत्तोबा पंपाकडून पळत आला.

"मॅडम, म्या तर सहालाच कळवलं हुतं तुमाला."

"ग्रुपवर का नाही टाकलंत, दत्तोबा? मावशींच्या फोनवरही वाजलं असतं."

दत्तोबाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "तितं मोठं सायेब हायेत सगळं. पुन्याचं, मुंबईचं. त्यांच्याम्होरं म्या काय बोलायचं? चार मोठ्या मानसांत तोंड घालू न्हाई, आपल्या मानसाला बाजूला घिऊन सांगावं. म्हनून तुमच्या एकटीच्या कानावर घातलं."

"सायबाम्होरं बोलाया लाजलास आन् माज्या सुनंला आत सोडलीस व्हय रं?" बयाबाई पाणी ओतता ओतता म्हणाली. तिने वर पाहिलंही नाही.

जीप आली. ड्रायव्हरने टेबलावरचा रजनीचा फोन आणला होता. रुचिर अजून लाइनवर होता; फवारणीचं त्याला ड्रायव्हरकडून कळलं होतं.

"मॅडम, काय झालं? फवारणीचा निरोप आलाच नव्हता का? ॲपमध्ये काही अडलं असेल तर मला लगेच वर कळवावं लागेल."

"निरोप आला होता," रजनी हळू आवाजात म्हणाली. "मला आला होता. मी तासभर उघडला नाही. तसंच लिहा."

तिने फोन बंद केला आणि जीपमध्ये चढली.

कामशेतचा दवाखाना पंचवीस मिनिटांवर होता. समीक्षा मधे बसली होती, ओल्या केसांनी, दोन्ही तळवे पोटावर ठेवून.

"हाललं का गं?" बयाबाईने विचारलं.

"न्हाई अजून. रोज ह्या वक्ताला हालतंय."

बयाबाईने आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. थोड्या वेळाने तिने रजनीचा हात धरला आणि तोही तिथे ठेवला. "बघा तुमी. माज्या हातावर घट्टे हायेत, मला कळंना झालंय."

रजनीने डोळे मिटले. खड्डा आला. तळव्याखाली काहीतरी हललं. पुन्हा खड्डा आला, पुन्हा हललं.

"जरा थांब रं बाबा," बयाबाई ड्रायव्हरला म्हणाली. "घटकाभर. गाडीच्या धक्क्यानं काय बी समजंना."

"थांबलो तर उशीर व्हईल, मावशी." त्याने आरशातून रजनीकडे पाहिलं. "थांबू का, मॅडम?"

तिघींचे हात एकाच जागी होते.

"थांबू नका," रजनी म्हणाली.