पंचेचाळीस सांगायचं

सुरकुत्या घालवणाऱ्या, कॉपर पेप्टाइडच्या निळ्या सीरमचं काउंटर तिच्याकडे आलं, तेव्हा मॅनेजरने बजावलं होतं, "वय विचारलं की पंचेचाळीस सांगायचं. बायका तोंडात बोटं घालतील!" ती होती बत्तीसची.

महिनाभर घसा कोरडा करून ती पंचेचाळीस सांगत होती, पण तोंडात बोट एकीनेही घातलं नाही. आज तर एका बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवून तिला न्याहाळलं. "तेवढ्याच दिसता की हो! मग हे निळं पाणी चोपडून उपयोग काय झाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरीपायी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवावं लागलं.

दिवसभरात एकच बाटली खपली. ती तिने स्वतःसाठी घेतली.