पान हलत नाही

खाटेवरून झाड दिसलं की पेशंट लवकर बरा होतो, हे बाईंनी आयुष्यभर आर्किटेक्चरच्या पोरांना शिकवलं आणि संशोधनाने सिद्धही केलं. म्हणूनच लाडक्या विद्यार्थ्याने बांधलेल्या हॉस्पिटलात त्यांनी डोळे झाकून नवऱ्याला दाखल केलं. ऑपरेशननंतर तो म्हणाला, "अगं, सकाळपासून बघतोय, त्या झाडाचं पानसुद्धा हलत नाही. जरा खिडकी उघड बघू." बाईंनी कडीला हात घातला. कडी छापलेली होती. झाडही छापलेलं, मागे दिवा. तेवढ्यात विचारपूस करायला आलेला विद्यार्थी त्यांच्या कानाशी लागला. "मॅडम, तुमच्याच प्रबंधात आहे, झाड दिसलं की पुरे. खऱ्या खिडक्या डायरेक्टरांच्या केबिनला गेल्या. पण हा उजेड संध्याकाळी आपोआप मावळतो हं!" "काय म्हणतो गं तुझा हिरा?" नवऱ्याने उशीवरून विचारलं. बाईंचा हात अजून कडीवरच होता. "म्हणतो, आज वारा पडलाय."