आधी जिभेला विचार

"मीठ कमी, आलं जास्त," चवमावशी म्हणाली आणि उरलेलं अर्धं बिस्किट तिने बशीत ठेवलं. "उद्या परत आण."

या स्वयंपाकघरात नुकत्याच आलेल्या नवीच्या तोंडचं पाणी पळालं. कोपऱ्यातली एकच भट्टी रिकामी होती आणि तिच्यावर आणखी एका बाईचा डोळा होता. उद्या जमलं नाही, तर भट्टी त्या बाईला. मग नवीच्या नशिबी पुन्हा हॉटेलातली भांडी, आणि शाळा सुटली की पोरगी एकटी कुलपाआड.

"चुकलंच असेल माझं," नवी खाली बघत म्हणाली.

"पोरीला आवडतात का तुझ्या?"

"तिला काय, काहीही आवडतं."

चवमावशीने नुसतं "हं" केलं. तेवढ्यात केकवाली अंगणातून ओरडत आत धावली. "अगं, दूध करपलं! वास येत नाही का कुणाला?" पातेलं चवमावशीच्या खुर्चीला लागून असलेल्या शेगडीवरच होतं. पण चवमावशीचं सगळं लक्ष नवीकडे होतं, आणि नवीला तर त्या घडीला घर जळालं असतं तरी कळलं नसतं.

हे स्वयंपाकघर एकट्या आयांनी एकट्या आयांसाठी चालवलेलं. केकवाली, सूपवाली, सगळ्या इथेच हात भाजून घेत शिकल्या आणि आता दुसरीला शिकवत होत्या. बाहेरचे दुकानदार इथला माल उघडूनही बघत नसत. चवमावशीने चाखलंय ना, मग ठेवा फळीवर, असा कारभार. त्या एका जिभेवर सगळ्यांची पोटं चालली होती.

इथला एक नियम नवीला भारी गमतीचा वाटला होता. मिठाचा, साखरेचा, सोड्याचा, सगळे डबे सारखे आणि एकावरही चिठ्ठी नाही. "आधी जिभेला विचार, मग घाल," केकवालीने पहिल्याच दिवशी दटावलं होतं. "चिठ्ठ्या वाचून घालायला हा काय दवाखाना आहे?" नियम जुना, चवमावशीनेच घातलेला. ती स्वतः हल्ली डब्यांकडे फिरकत नसे. खुर्चीत बसून "मीठ दे गं, साखर दे गं" म्हणायची. एवढ्या वर्षांनी माणसाने बसून हुकूम सोडले तर बिघडलं कुठे!

केकवाली नवीला दारापर्यंत सोडायला आली.

"चावताना त्या बिस्किटाकडे बघतच नाहीत," नवी म्हणाली. "सारख्या माझ्याकडेच बघत होत्या."

"चोर पकडायची रीत आहे ती," केकवाली हसली. "आमच्या मावशीच्या जिभेला डोळे आहेत. जा, नीट भाजून आण."

पण त्या संध्याकाळी पोरगी तापाने फणफणली. पीठ मळायचं राहिलं, शेजारणीची भट्टी मागायची राहिली. सकाळी ताप उतरला तेव्हा डब्यात कालचीच बिस्किटं होती. नवीने ती तशीच उचलली. खरं काय ते सांगून टाकायचं, मग भट्टी मिळो न मिळो. एकदा ठरवल्यावर तिला हलकंच वाटलं.

"मावशी, आधी एक सांगायचंय."

"आधी खाऊ दे. बोलणं पळून जात नाही." चवमावशीने बिस्किट तोडलं आणि नवीच्या चेहऱ्याकडे बघत चावायला लागली. "पोरगी काय म्हणाली?"

"तापात होती. दुसरं काही नको म्हणाली, हीच मागून खाल्ली." आज नवीने मान खाली घातली नाही. "बिस्किटं चांगलीच आहेत, मावशी. पण..."

"पण काय? जमलं!" चवमावशीने मांडीवर थाप मारली. "मीठ अगदी नेमकं. आलंही नेमकं. सांगितलं ते ऐकतेस, गुणाची आहेस."

केकवालीने टाळ्या पिटल्या. "आजपासून तुझं नाव बिस्किटवाली! चल, पास झालेलीने चहा करायचा, अशी पद्धत आहे. मी तोवर तुझी भट्टी पेटवून येते."

बिस्किटवालीचा जीव भांड्यात पडला. आता खरं बोलायला तोंड उघडेना. पोरीसाठी भट्टी हवीच होती, मिळालेली कोण परत करतं? पण चहा उकळताना डोक्यातला भुंगा काही थांबेना. कालचीच बिस्किटं, कालचाच डबा. काल कमी असलेलं मीठ रातोरात वाढलं कसं? मुरतात की काय बिस्किटं? मुरली तरी मीठ कुठून येणार?

या विचारातच तिने चहा कपात गाळला, समोरच्या डब्यातले दोन चमचे घातले, ढवळला आणि कप चवमावशीच्या हातात दिला. मग वळून ओट्याशी आली आणि सवयीने चमचा चाटला.

मीठ!

भट्टी मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच चहात, या घरचा पहिला नियम मोडला होता. ती गर्रकन वळली. कप अर्धा रिकामा झाला होता.

"मावशी, तो चहा..."

"फक्कड झालाय," चवमावशी म्हणाली. तिने आणखी एक मोठा घोट घेतला. "साखर अगदी नेमकी."

बिस्किटवालीच्या हातातला चमचा हातातच राहिला. चवमावशीने नेहमीसारखं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कपाकडे, मग दाराकडे. केकवाली अजून आली नव्हती.

"दार लोट," चवमावशी अगदी हळू म्हणाली. "साखरच होती ना गं?"