बावीस टेबलं

या कामातून नेटवर्कवाल्याच्या पदरात नव्या विभागाचं प्रमुखपद पडणार होतं. शब्द खुद्द दाजींचा होता. बहिणीचा नवरा आणि ऑफिसचा मॅनेजर, दोन्ही तेच.

"चार मजल्यांवरची ही बावीस टेबलं. निवडक माणसं आहेत. बाकीच्यांपासून तोडून त्यांचं एकच वेगळं नेटवर्क कर."

दोन दिवस तो चहालाही उठला नाही. चारही मजल्यांचे स्विच त्यानं जोडून घेतले, एकेक टेबल नव्या नेटवर्कात बसवलं.

"दाजी, माझंही टेबल यात घालायचं ना?"

"वेड्या, यादीत पहिलं तुझंच आहे."



सोमवारी सकाळी दाजींनी ते अख्खं नेटवर्क एका झटक्यात बंद करून नोकरकपात उरकली. बावीस जण घरी गेले, दाजी तेवढे खुर्चीत राहिले.