पडदे उघडे ठेवून

"पडदे उघडेच राहू देत," नेरिस म्हणाली आणि वादाच्या तयारीनं उभी राहिली.

कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीला जोडली की खिडक्यांचे गुंडाळीचे पडदे खाली ओढून घ्यायचे, हा तिच्या वडिलांचा जुना नेम. उन्हानं गाद्यांचा रंग उडतो, आणि आपली भांडीकुंडी जगाला कशाला दाखवायची? नेरिसचं म्हणणं उलट. ओढलेल्या पडद्याची स्प्रिंग सतत ताणलेली राहते, हादऱ्यांनी ढिली होते. वेल्समध्ये बोर्थच्या किनाऱ्यावरच्या कॅरव्हॅनच्या मैदानात यावरून शेजाऱ्यांची दर उन्हाळ्यात जुंपायची.

आज मात्र तिला स्प्रिंगची फिकीर नव्हती. ही जुन्या घडणीची कॅरव्हॅन, पुढे-मागे रुंद काचा. पडदे वर असले की मागून येणाऱ्या तिच्या गाडीतून थेट आरपार, बाबांच्या टोपीपर्यंत दिसायचं.

तिचे वडील ग्विलिम एक्याऐंशीचे होते. वसंतात त्यांनी शेजाऱ्याच्या फाटकाचा खांब पाडला होता. आज ते रस्त्यावर भरकटले, तर त्यांचं गाडी चालवणं कायमचं बंद करायचं, असं नेरिसनं ठरवलं होतं. गाडी गेली की बाबांचं डोंगरावरचं घरही सुटणार, हे दोघांनाही माहीत होतं. तिचा नवरा आलेद एवढंच म्हणाला होता, की त्यांच्या मागे मागेच राहा, पुढे जाऊ नकोस.

"राहू देत," बाबा म्हणाले. शिवाय आत जाऊन दोन्ही पडदे नीट वर आहेत ना ते बघून आले. मागची काच बाहीनं पुसलीसुद्धा. इतक्या सहज ऐकणारे बाबा तिच्या ओळखीचे नव्हते.

बोर्थच्या वाटेवर न्यूटाउन सोडलं. दोन्ही गाड्यांतले फोन बोलण्यासाठी चालूच ठेवले होते.

पहिली गडबड केर्सूसच्या पुढे झाली. समोरचा कॅरव्हॅनचा पांढरा डबा हळूहळू उजवीकडे, रस्त्याच्या मध्याकडे सरकायला लागला. इथला रस्ताही खराब असावा, तिच्या डाव्या चाकांखाली खडखड वाजत होती. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं. डबा परत जागेवर आला.

"बाबा, ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. तू?"

"मला काय धाड भरलीय?"

त्यानंतर ते बोलतच सुटले. एरवी गाडी चालवताना तोंडातून अक्षर न काढणारा माणूस. पोस्टमनला चावलेल्या कुत्र्याचं नाव काय होतं, असं त्यांनी विचारलं. त्यांचाच कुत्रा, त्यांनीच पुरलेला. तिनं सांगितलं. आई मनुकांचा पाव कुठल्या चहात भिजवायची, तेही विचारलं. मग म्हणाले, आज वार कोणता?

"शनिवार, बाबा."

"बरोबर," ते म्हणाले, शाळामास्तरासारखे.

वेग इतका उतरला होता, की मागे गाड्यांची रांग लागली. काहीच कारण नसताना ते एका थांब्यावर वळले. थर्मासमधला चहा ओतून दोघं कठड्यावर बसली. समोरच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या. नेरिसनं कप तोंडाला लावला. चहा गारढोण झाला होता. कसला थर्मास घेतलाय, असं म्हणत तिनं बाबांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"तुझी गाडी इथेच राहू दे," ते म्हणाले. "माझ्या शेजारी बस."

म्हणजे एकट्यानं चालवायची भीती वाटतेय, तिला वाटलं. पण शेजारी बसून गाडी किती भरकटते हे मागून दिसतं तसं दिसलं नसतं. ती नको म्हणाली. त्यांनी पुन्हा विनवलं. तिनं पुन्हा नकार दिला, जरा तुसडेपणानंच. मग ते कुंपणामागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. म्हातारपण, ती मनात म्हणाली. समोर बसून हे त्यांना कसं सांगायचं?

पुन्हा निघाल्यावर तिनं नजर त्यांच्या टोपीवरून हलवली नाही. सेमासचं गाव कधी मागे पडलं, तेही तिला कळलं नाही. आणि मग डबा एकदम डावीकडे ओढला गेला, थेट झाडोऱ्याकडे.

"बाबा, उजवीकडे! उजवीकडे घ्या!"

समोरून दुधाचा टँकर लांबलचक भोंगा वाजवत आला आणि तिच्या आरशाला जवळजवळ घासून गेला. फोनमधून बाबांचा आवाज येत होता. रागावलेला नाही, घाबरलेलाही नाही. फक्त तिचं नाव, पुन्हा पुन्हा.

"नेरिस. नेरिस. नेरिस."

डबा जागेवर आला. बाबांनी हात दाखवावा तसा दिवा दाखवून गाडी अलगद एका शेताच्या फाटकापाशी घेतली. नेरिस मागे थांबली. आता बोलायलाच हवं. तिनं वाक्य जुळवलं: बाबा, तुमची काही चूक नाही, वय झालं की होतं असं.

ते चालत तिच्यापाशी आले. पावलं ठाम होती. त्यांनी तिचं दार उघडलं, वाकून आत हात घातला आणि तिचं इंजिन बंद केलं.

"आलेद निघालाय," ते म्हणाले. "मघाशी कुंपणामागे जाऊन त्यालाच फोन केला. तुझी गाडी तो नेईल. डॉक्टरांशीही बोललाय."

"डॉक्टर? बाबा, कुणासाठी?"

ते तिच्या दारापाशी उकिडवे बसले, ती लहान असताना बुटांची नाडी बांधायला बसायचे तसे.

"त्यानं मला सांगितलं, तेव्हा मी त्यालाच वेड्यात काढलं होतं," ते म्हणाले. "आज आरशातून स्वतः पाहिलं, दोन्ही वेळा गाडी तुझीच सरकली. डोळे उघडेच असतात गं तुझे, पोरी. पण तू तिथे नसतेस."